दोघांनाही दहा

त्या घरात गेले सहा महिने एकही वाक्य सरळ जात नव्हतं.

समजा, आईला काकाला सांगायचंय की मशीनमधलं पाणी बदला. काका तिच्यापासून चार पावलांवर, मधली दारं सताड उघडी, आवाज करायला पंखासुद्धा चालू नाही. तरी आई हाक मारणार, "बटण! तुझ्या काकाला सांग, मशीनचं पाणी गढूळ झालंय." मग बटण चार पावलं चालत जाणार. "काका, पाणी गढूळ झालंय." काका मान वर न करता म्हणणार, "तुझ्या आईला म्हणावं, मला डोळे आहेत." चार पावलं परत. "आई, काकाला डोळे आहेत." "हो का? मग ते उघडायला सांग."

बादलीभर पाण्यासाठी बटण दिवसाकाठी मैलभर चालत असे.

तिचं खरं नाव अर्थातच वेगळं होतं. पण चालायला लागल्या लागल्या तिने घरातलं दिसेल ते बटण दाबायचा सपाटा लावला. दाराची घंटा, मिक्सर, एकदा तर काकाची कोरी करकरीत भट्टी. तेव्हापासून ती बटण. आता ती दहावीत होती, उंचीने आईच्या पुढे गेली होती, आणि गेल्या महिन्यात शाळेतला दोन वर्षं मढ्यासारखा पडलेला प्रिंटर तिने एकटीने चालू करून दाखवला होता. त्या दिवसापासून जगातल्या यच्चयावत बिघाडांकडे ती 'ये, बघतेच तुला' अशा नजरेने बघायला लागली होती.

घरचा धंदा दातांचा. दात काढायचा नव्हे, बनवायचा. दाताचे डॉक्टर माप पाठवायचे आणि ही मंडळी दात करून द्यायची. पुढच्या खोलीत आई कॉम्प्युटरवर दाताचा आकार काढायची. मागच्या खोलीत काकाचं मशीन तो आकार पांढऱ्या ठोकळ्यातून कोरायचं. मधल्या लांबट खोलीत आजोबा बसायचे. त्यांचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता. ते अजून मेण, ब्रश आणि भिंग घेऊन एकेक दात हाताने घडवायचे. आणि पप्पा? पप्पा तयार दात डब्यांत घालून स्कूटरवरून दवाखान्यांत पोचवायचे, आणि घरात काही वाजलं की त्यांना हटकून एखादा लांबचा दवाखाना आठवायचा.

सहा महिन्यांपूर्वी सगळं कसं एकमेकांत मिसळलेलं होतं. मग ते वकीलबाईंच्या दाताचं प्रकरण झालं.

वकीलबाईंचा समोरचा दात. दातांच्या रंगांना नंबर असतात. ए-वन म्हणजे दुधासारखा, ए-फोर म्हणजे जन्मभर चहा प्यायलेला. बाईंचे दात ए-वन. आईने तसंच सांगितलं होतं. काकाने केला ए-फोर. बाई कोर्टात उभ्या राहून हसल्या आणि समोरच्या वकिलाला आपला मुद्दाच आठवेना म्हणतात. परतीचा डबा आला तेव्हा आई म्हणाली, "भावजी, मी ए-वन सांगितलं होतं." काका म्हणाला, "वहिनी, मला ए-फोर सांगितलं गेलं." आई म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलते?" काका म्हणाला, "म्हणजे मी बहिरा?" आणि तिथेच दोघांची एकमेकांपुरती दातखीळ बसली ती बसली.

निरोप नेणाऱ्याला काही विचारावं, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पाणी गढूळ आलं म्हणून नळाला कोण जाब विचारतं?

इथवर ठीक होतं. पण भांडण माणसांत मावेना म्हणून ते तारांत शिरलं.

घरात इंटरनेटची एक लाईन होती, आईच्या नावावर. काका म्हणाला, "मला नको कुणाच्या मेहेरबानीचं इंटरनेट." त्याने मागच्या दाराने स्वतःची दुसरी लाईन घेतली. एवढ्यावर थांबला असता तर देव पावला म्हटलं असतं. पण त्याने मशीन बनवणाऱ्या कंपनीला कळवून टाकलं की यापुढे आमची ओळख म्हणजे ही नवी लाईन. ते मशीन मोठं मानी. प्रत्येक दात कोरण्याआधी कंपनीला विचारायचं, 'कोरू का?' आणि कंपनी आता काकाच्या लाईनवरून विचारलं तरच 'कोर' म्हणायची. उलट डॉक्टरांची मापं यायची आईच्या लाईनवरून. आणि हे दोन्ही करणारा कॉम्प्युटर एकच. तो बसला होता आजोबांच्या खोलीत (आईच्या पुढ्यात असायचा तो त्याचाच दुसरा पडदा), दोन्ही बाजूंनी एकेक केबल खुपसून घेऊन, चौकशीला बोलावलेल्या साक्षीदारासारखा.

आता कॉम्प्युटरला घराबाहेर पडायचं तर दार लागतं. त्याला गेटवे म्हणतात. कुठे जायचं हे नक्की माहीत नसेल तर सरळ या दाराने बाहेर पड, असं एक मुख्य दार त्याला सांगून ठेवायचं असतं. नेट जोडायला आलेल्या माणसाने विचारलं, "मुख्य दार कुठलं ठेवू?"

"माझं," आई म्हणाली. पुढच्या खोलीतून.

"माझं," काका म्हणाला. मागच्या खोलीतून.

नेटवाल्याने समजूत घातली. दारांना नंबर देता येतो, ज्याचा नंबर लहान ते आधी. झालं! आईने आपल्या दाराला पाच सांगितला. काकाने चार. आईने तीन. नेटवाला बिचारा लिहितोय आणि खोडतोय. शेवटी आजोबांनी भिंग खाली ठेवलं.

आजोबा म्हणजे समान न्यायाचा पुतळा. दोन पोरांत एक बिस्किट वाटायचं तर ते आधी पट्टी शोधत. "माझ्या घरात मोठं-धाकटं नाही," ते म्हणाले. "दोन्ही दारं मुख्य. दोघांनाही दहा."

"आजोबा, तसं करायचं नसतं," नेटवाला म्हणाला. कॉम्प्युटरनेही पडद्यावर चौकट काढून विचारलं, की अहो, दोन मुख्य दारं देताय, नीट चालणार नाही, खात्री आहे ना? आजोबांनी चष्मा लावून ती चौकट पूर्ण वाचली. मग स्वतःच्या बोटाने 'हो' दाबलं.

त्या दिवसापासून कॉम्प्युटरचं डोकं फिरलं. सकाळी मापं धडाधड उतरायची, दुपारी अडकायची. मशीन कधी झटक्यात परवानगी आणायचं, कधी तास तास गप्प. आई म्हणे काकाच्या लाईनचे धंदे, काका म्हणे आईच्या. शेवटी आजोबांनी अखेरचा समान न्याय काढला. भिंत. मधल्या खोलीच्या बरोबर मध्यातून. पुढे आईची लॅब, तिला वेगळा कॉम्प्युटर. मागे काकाची, त्याला वेगळं दार. सुतारमामा शनिवारी चार वाजता माप घ्यायला येणार होते.

बटणला हे कळलं तेव्हा ती आधी मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. मागची खोली म्हणजे तिचं सगळं विश्व. ठोकळ्यातून दात हळूहळू कसा डोकं वर काढतो, सुई बोथट झाली की मशीनचा सूर कसा बदलतो, दात भाजायची भट्टी उघडताना मान मागे का घ्यायची, हे सगळं तिला काकाने शिकवलं होतं. काकाच्या उंच स्टुलावर बसायचा हक्क तिचा. आणि ती मुलगी कुणाची? आईची. म्हणजे भिंत झाली की ती भिंतीच्या या बाजूला आणि स्टूल त्या बाजूला.

म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती घरी चालत नाही, धावतच आली. दप्तर अजून खांद्यावर, तोच फोन वाजला. लॅबला सगळ्यात जास्त काम देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा.

"माप पाठवलंय," फोनमधला आवाज अख्ख्या घराला ऐकू आला. "निवेदिका आहे हो ती. पेनाचं टोपण चावताना समोरचा दात तुटला. संध्याकाळी सात वाजता स्टेजवर उभी राहणार आहे. मला पाचला दात हवा. आणि कृपा करून रंग बरोबर."

ते शेवटचं वाक्य दोन्ही खोल्यांना नेमकं जिव्हारी लागलं.

आईने माप उतरवायला घेतलं. साठ टक्क्यांवर गाडी थांबली. मग पडद्यावर आलं: आपण कोण? पुन्हा ओळख द्या. आईने पुन्हा ओळख दिली. चाळीस टक्के. आपण कोण?

"मी कोण?" आई पडद्याला म्हणाली. "सहा महिने याला पोसतेय आणि हा मला विचारतो मी कोण! बटण, तुझ्या काकाला सांग, आपली लाईन आवरा."

"काका, तुझी लाईन आवर."

"तुझ्या आईला म्हणावं, चार वाजता भिंतच येतेय. तिथवर दम धरा."

"आई, काका म्हणतो..."

"ऐकलं मी!"

"ऐकलंस तर मग मला कशाला चालवतेस?" बटण म्हणाली. तिने दप्तर खाली टाकलं, बाह्या सरसावल्या आणि मधल्या खोलीतली खुर्ची ओढली. "आजोबा, सरका. आज मी याच्याकडे बघते."

"बघ बाई," आजोबा म्हणाले. "पण दोघांकडे सारखं बघ."

तिने आधी काकाची केबल उपटली. माप सुळ्ळकन उतरलं, शंभर टक्के, एकदाही 'आपण कोण' नाही.

"बघितलंस?" पुढून आईचा विजयी आवाज. "सहा महिने घसा फोडून सांगतेय!"

आईने दाताचा आकार काढायला घेतला. तासाभरात इतका देखणा दात काढला की आजोबासुद्धा भिंग घेऊन डोकावून गेले. मग तो मशीनकडे पाठवायचा तर मशीन कुठाय? मशीन काकाच्या केबलवर. बटणने ती परत खोचली. मशीन दिसलं. मशीनने कंपनीला विचारलं, 'कोरू का?' उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. बटणने आता आईची केबल उपटली. मशीनने तिसऱ्यांदा विचारलं आणि कंपनी लगेच म्हणाली, 'कोर की!'

"बघितलंस?" मागून काकाचा विजयी आवाज. "लाईन कुणाची सडकी आहे ते?"

बटणने कपाळावर हात मारला. एक काढली की दुसरी धडधाकट, दुसरी काढली की पहिली धडधाकट. दोन निरोगी माणसं एका खोलीत आली की दोघांनाही ताप!

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन. माप किंचित चुकलं होतं, सुधारून नवीन पाठवतायत. म्हणजे दोन्ही केबली परत आत, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. घड्याळात दोन वाजून गेले होते.

"केबली काढघाल करून होणार नाही," बटण म्हणाली. "दिवसभर काय मी प्लग होऊन बसू?" तिने कॉम्प्युटरला विचारलं, बाबा रे, तुला कुठले कुठले रस्ते माहीत आहेत, ते तरी दाखव. यादी आली. लांबलचक आकडे. पण सगळ्यात वर दोन ओळी अगदी जुळ्या: चार शून्यं आणि शेवटी दहा. चार शून्यं आणि शेवटी दहा.

"आजोबा," ती ओरडली, "हे तुमचे दहा!"

"मग? सारखेच आहेत ना?"

"सारखे आहेत म्हणूनच तर! चार शून्यं म्हणजे 'बाकी कुठेही जायचं असेल तर'. यात तुम्ही त्याला दोन दारं दिलीत आणि दोन्ही मुख्य. मग तो कधी या दाराने जातो, कधी त्या. माप मागायला गेला आईच्या दाराने, पुढचं बोलायला बाहेर पडला काकाच्या दाराने. समोरचा म्हणणारच, आपण कोण? काकाच्या मशीनचंही तेच. कंपनी काकाच्या दाराकडे डोळे लावून बसलीय आणि हा आईच्या दारात उभा राहून हाका मारतोय."

"म्हणजे कुणाचीच लाईन वाईट नाही?"

"दोन्ही झकास आहेत. मध्ये उभा असलेला गोंधळलाय. इकडच्याचं उत्तर तिकडे, तिकडच्याचं इकडे."

हे वाक्य बोलताना तिची नजर सहज कॉम्प्युटरच्या वर गेली. तिथे भिंतीवर आजोबांनी एक फोटो चिकटवला होता. एक निवृत्त पोस्टमास्तर तोंडभर हसत होते. त्यांचा समोरचा दात आजोबांनी हाताने घडवला होता, आणि पोस्टमास्तर त्यावर इतके खूश झाले की त्यांनी स्वतः फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं होतं, 'पुन्हा तरुण केल्याबद्दल आभार.' आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवायचे आणि हळूच म्हणायचे, "माझ्या कामाची तक्रार नाही येत."

बटणने तो फोटो सहा महिने रोज बघितला होता. आज पहिल्यांदा तिने त्यातले दात बघितले. सगळे दात चहाच्या रंगाचे. आणि मधोमध एकच लखलखीत, दुधासारखा.

ए-वन.

तिने माऊस सोडला. तो दिवस तिला आठवला. दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा होती, डोक्यात गणिताची सूत्रं घोळत होती. मागून काकाने विचारलं, "वकीलबाईंचा रंग विचारून ये गं." मधून आजोबांनी विचारलं, "पोस्टमास्तरांचाही विचार." आईने दोन्ही सांगितले, एकामागून एक. आणि ती परत आली सूत्रं पुटपुटत, आणि दोघांना दोन उत्तरं देऊन टाकली.

काकाला आजोबांचं. आजोबांना काकाचं.

वकीलबाईंनी तक्रार केली. पोस्टमास्तरांनी फोटो पाठवला. आणि मधे उभ्या असलेल्या प्राण्याला कुणी काही विचारलंच नाही.

"काय गं? दातखीळ बसली?" आजोबांनी विचारलं.

"नाही," बटण म्हणाली. तिचा आवाज एरवीपेक्षा बराच लहान निघाला. "आधी दात."

दात महत्त्वाचा होता हे खरंच. पण हेही खरं की तिला जरा वेळ हवा होता.

दुरुस्तीत अवघड काही नव्हतं. मुख्य दार एकच ठेवायचं, आईचं. काकाच्या केबलवरून मुख्यपणाची पाटी काढायची आणि तिथे फक्त एक ओळ लिहायची: मशीनच्या कंपनीकडे जायचं असेल तर, आणि तेवढ्यापुरतंच, या दाराने जा. पाच मिनिटांचं काम. अवघड होतं ते परवानगी काढणं. पण सहा महिने निरोप्याची नोकरी केलेल्या माणसाला काय येत नाही?

ती पुढे गेली. "आई, ठरलं. मुख्य दार तुझं. एकट्या तुझं."

"हे पहिल्याच दिवशी नको होतं का करायला?" आई म्हणाली आणि पदर नसतानाही पदर खोचल्यासारखी बसली.

ती मागे गेली. "काका, तुझं दार खास केलंय. ऐऱ्यागैऱ्याला तिथून प्रवेश नाही. फक्त कंपनीची माणसं."

"राखीव," काका म्हणाला.

"एकदम राखीव."

"मग ठीक. उगाच जगाची वर्दळ मला नकोच होती."

मधल्या खोलीत आजोबा अस्वस्थ झाले. "पण दहा? दोघांना दहा होते ना?"

"आजोबा, काकाला आता नंबरच नाही."

"नंबर नाही! मग हा अन्याय नाही का?"

"त्याला विचारा. खूश आहे तो."

आजोबांनी मागे वाकून बघितलं. काका शीळ घालत होता. समान न्यायाचा पुतळा पहिल्यांदाच जरा हलला.

सुधारलेलं माप एका दमात उतरलं. आईने आकार ठीक केला. मशीनने विचारलं, कंपनी 'कोर' म्हणाली, आणि सुई ठोकळ्यावर टेकली. तो बारीक, ओला, शिट्टीसारखा सूर तिन्ही खोल्यांत पसरला. मग दात भट्टीत गेला. सगळं कसं घड्याळासारखं. बटणला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, 'झालं ना ठीक? मग कशाला हवी भिंत?'

कुणीच म्हणालं नाही. चारच्या ठोक्याला दारात सुतारमामा उभे राहिले, कानाला पेन्सिल, हातात टेप.

"आई, अगं पण आता कॉम्प्युटर चालू झालाय," बटण म्हणाली.

"कॉम्प्युटर चालू झाला," आई म्हणाली. "माणसं कुठे चालू झाली? मला खोटारडी म्हणणाऱ्याबरोबर एका छपराखाली नाही बसायचं मला."

"तुझ्या आईला सांग," काका भट्टीतून निघालेला दात पुसत म्हणाला, "मी कुणाला खोटारडं म्हणालो नाही. मला बहिरा म्हटलं गेलं."

सुतारमामांनी टेपचं एक टोक बटणच्या हातात दिलं. "धर गं पोरी. तू मधोमध दिसतेस, तूच धर." तिने धरलं. टेप करकरत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला आणि बरोबर पोस्टमास्तरांच्या फोटोखाली टेकला. "दार कुठे ठेवायचं भिंतीत?"

"डाव्या टोकाला," आई.

"तुझ्या आईला सांग, उजव्या टोकाला," काका.

"दोन्हीकडे ठेवा," आजोबा म्हणाले. "सारखी. दोन्ही मोठी."

सुतारमामांनी पेन्सिल कानावरून काढली, खोलीची लांबी बघितली, पुन्हा कानावर ठेवली. "एवढ्याशा भिंतीत दोन मोठी दारं ठेवली," ते म्हणाले, "तर मी भिंत कुठे घालू?"

बटणच्या हातातून टेप सुटला. तो सपकन उडत जाऊन मामांच्या डब्यात शिरला.

"मी चुकले होते!" ती म्हणाली.

"टेपचं काय एवढं," मामा म्हणाले.

"टेप नाही! दात! वकीलबाईंचा दात!" आणि मग ती थांबलीच नाही. काकाचा प्रश्न, आजोबांचा प्रश्न, आईची दोन उत्तरं, सूत्रं, चाचणी परीक्षा, सगळं एका दमात. "आईने ए-वनच सांगितलं होतं. काकाने ए-फोरच ऐकलं होतं. मीच इकडचं तिकडे सांगितलं. खोटं वाटत असेल तर तो फोटो बघा!"

सगळे फोटोकडे वळले. पोस्टमास्तर सगळ्यांकडे बघून हसत होते, त्या एका दातासकट.

काकाने दातांच्या रंगांची पट्टी आणून फोटोतल्या त्या दाताशेजारी धरली.

"सहा महिने," आई म्हणाली.

"सहा महिने!" काका म्हणाला. "वहिनी, ऐकताय ना? सहा महिने ही आपल्याला नाचवतेय!"

"ऐकतेय ना भावजी! आणि वर मला म्हणते, मला कशाला चालवतेस!"

"मला सांगत होती, राखीव!"

"आणि मला म्हणाली, एकट्या तुझं! अहो, हिला आधी त्या मशीनपासून लांब ठेवा. अर्धं लक्ष हिचं कायम तिकडे."

"अगदी बरोबर बोललात. पंधरा दिवस माझ्या खोलीत पाऊल नाही टाकायचं."

"महिना करा."

"महिना! स्टुलालासुद्धा हात लावायचा नाही!"

"पण..." बटण म्हणाली.

"तू गप्प!" दोघं एका सुरात म्हणाले, इतक्या एका सुरात की दोघंही दचकले.

आजोबांना या कशाचा पत्ता नव्हता. ते भिंग घेऊन फोटोजवळ गेले होते. "म्हणजे माझाही चुकलाच होता," ते स्वतःशी पुटपुटले. त्यांनी फोटो काढायला हात वर नेला, मग पोस्टमास्तरांच्या चेहऱ्याकडे जरा वेळ बघितलं आणि फोटोचा निघू पाहणारा कोपरा अंगठ्याने दाबून परत चिकटवला.

"भिंतीचं काय करायचं ते सांगा," सुतारमामा म्हणाले. "मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"थांबा हो जरा!" आई आणि काका. पुन्हा एका सुरात.

मामा थांबले. मग पाणी मागून प्यायले. मग कुणी लक्ष देत नाही असं बघून टेप खिशात घालून निघाले. दारात बटणजवळ क्षणभर रेंगाळले. "भिंतीचं काम गेलं वाटतं माझं," ते म्हणाले. "तुझंही गेलं का काही?"

"मागची खोली," बटण म्हणाली.

"परत मिळेल," मामा म्हणाले. "त्या मशीनला कधी ना कधी काहीतरी होईलच की."

पावणेपाचला पप्पा आले, तयार दात डब्यात घालून घेतला, घरातला आरडाओरडा ऐकला आणि डॉक्टरीणबाईंच्याही पुढचे दोन लांबचे दवाखाने आठवून निघूनसुद्धा गेले. त्यांना कुणी सांगितलंच नाही की आरडाओरडा या वेळी निराळा आहे.

बटण मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली, पाय ना पुढे ना मागे. पुढच्या खोलीत रंगांची पट्टी टेबलावर पसरून दोघं हातघाईवर आले होते. "भावजी, निवेदिकेच्या दाताला कडेला जरा निळसर छटा द्यायला हवी होती." "वहिनी, दिलीय. पाठवण्याआधी फोटो काढलाय, बघा." "कुठेय? मला नाही दिसत." "डोळे उघडा म्हणजे दिसेल." "डोळे मला आहेत हो!"

मग काका मागे निघून गेला आणि तिथून सवयीने हाक आली, "बटण! तुझ्या आईला विचार..."

ती उठायच्या बेतात होती. पण काका मध्येच थांबला. चार पावलं वाजली, त्याची स्वतःची, तिच्या बाजूने पुढच्या खोलीकडे जाणारी. जाता जाता त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली, जरा जोरातच.

सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे पोचवायला काही नव्हतं. तिने मान वळवून मागच्या खोलीत पाहिलं. स्टूल रिकामं होतं. आणि मशीनच्या कोपऱ्यात, आजवर तिने कधीच न दाबलेलं, एक छोटंसं पिवळं बटण लुकलुकत होतं.